चेल्सीच्या कॉयरमधले चॅन्सलर : संत थॉमस मोर

२२ जून हा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर या इंग्लंडच्या दोन रक्तसाक्षींचा स्मृतिदिन. रक्तसाक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी कुऱ्हाड येते, मग माणूस. थॉमस मोर यांच्या बाबतीत आज आम्ही उलट क्रमाने जाणार आहोत. कारण हा संत ना धर्मगुरू होता, ना मठवासी. दोन लग्ने झालेला, चार मुलांचा बाप आणि जन्मभर सरकारी चाकरीत असलेला हा संसारी माणूस. आपल्या धर्मग्रामात महापालिका, कोर्टकचेरी, रेल्वे, शाळा अशा ठिकाणी हयात घालवून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना हे चरित्र परके वाटणार नाही.

एका रविवारी त्या वेळच्या कॉयरमास्तरांना लाभले नसेल असे भाग्य चेल्सी गावच्या चर्चला लाभले होते. देशाचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे राजानंतरचा सर्वांत मोठा अधिकारी आणि सर्वोच्च न्यायाधीश, अंगावर पांढरा झगा चढवून तेथे कॉयरमध्ये गात असे. नॉर्फोकचे ड्यूक एकदा त्यांच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांना हे दृश्य दिसले. घराकडे परतताना ड्यूकसाहेबांनी तक्रार केली की, लॉर्ड चॅन्सलरने गावच्या चर्चचा सेवेकरी व्हावे यात राजाची बेअब्रू आहे. मोर यांनी शांतपणे समजावले की, राजाचाही जो धनी आहे त्याची सेवा केल्याने राजा रागावेल असे त्यांना वाटत नाही. मिरवणुकीत ते पायी चालत, घोडा देऊ केला तरी घेत नसत. गंमत अशी की, मोर यांना संगीताची आवड अतोनात असली तरी गाण्याची उपजत देणगी नव्हती, असे त्यांचे जिवलग मित्र इरॅस्मस यांनी लिहून ठेवले आहे. आपल्या कॉयरमधील काही मंडळींना यातून धीर यावा!

मोर यांचा जन्म लंडनच्या मिल्क स्ट्रीटवर १४७८ च्या फेब्रुवारीत झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. मुलगा हुशार निघाला म्हणून वडिलांनी त्याला कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या वाड्यात पोऱ्या म्हणून ठेवले. तेथे पंक्तीत वाढायचे, थोरामोठ्यांचे बोलणे ऐकायचे, असे शिक्षण. नाताळात नाटक चालू असले की हा पोरगा मधेच रंगमंचावर शिरून आयत्या वेळी स्वतःची भूमिका उभी करी आणि सर्वांना हसवी. पुढे दोनेक वर्षे ऑक्सफर्ड, मग वडिलांच्या इच्छेप्रमाणे कायद्याचा अभ्यास, १४९६ पासून लिंकन्स इनमध्ये.

वकिली शिकत असताना त्यांचे मन मात्र कार्थुसियन मठाकडे ओढ घेत होते. लंडनच्या त्या मठाच्या आसऱ्याने त्यांनी चारेक वर्षे प्रार्थना, उपवास, जागरण यांत काढली. शेवटी त्यांनी संसाराचा मार्ग निवडला आणि १५०५ च्या सुमारास जेन कोल्ट या मुलीशी लग्न केले. मठातली एक गोष्ट तेवढी त्यांनी आयुष्यभर सोबत ठेवली. कपड्यांच्या आत, थेट अंगाला लागून ते केसांचा खरखरीत सदरा घालत. घरात हे फक्त थोरल्या मुलीला, मार्गारेटला ठाऊक होते. कारण तो धुण्याचे काम तिच्याकडे होते.

जेनबाईंना मार्गारेट, एलिझाबेथ, सेसिली आणि जॉन ही चार मुले झाली. १५११ साली त्या वारल्या. महिनाभराच्या आत मोर यांनी ॲलिस नावाच्या विधवेशी दुसरे लग्न केले. लोकांनी नावे ठेवली असणारच. पण घरात चार आईवेगळी लेकरे, थोरली अवघी पाच-सहा वर्षांची. ॲलिसबाई वयाने मोर यांच्यापेक्षा मोठ्या, बोलायला फटकळ, घर चालवायला खंबीर. या बाईंना मोर यांनी लाडीगोडी लावून वाद्ये वाजवायला शिकवले. रोज धडा घ्यायचा आणि नवऱ्याला वाजवून दाखवायचे, असा शिरस्ता होता. चरित्रकारांनी ॲलिसबाईंची बरीच थट्टा केली आहे. आम्हांला ती फारशी न्याय्य वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

नोकरीची चढती कमान आम्ही थोडक्यात सांगतो. १५१० मध्ये ते लंडन शहराचे उप-शेरीफ झाले. हे न्यायदानाचे काम होते. पक्षकारांनी खटल्याआधी प्रत्येकी तीन शिलिंग भरायचे असत, ते मोर बहुतेक वेळा माफ करीत. १५१५ मध्ये व्यापारी वाटाघाटींसाठी फ्लँडर्सला पाठवणी झाली आणि तेथल्या फावल्या वेळात त्यांचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक ‘युटोपिया’ आकाराला आले. १५१६ मध्ये ते लूवेन येथे छापले गेले. त्यानंतर आठव्या हेन्री राजाने त्यांना आपल्या मंत्रिमंडळात ओढले. १५२१ मध्ये सरदारकी आणि उपखजिनदाराचे पद, १५२३ मध्ये संसदेच्या सभापतीचे आसन, १५२५ मध्ये लँकेस्टर परगण्याचे चॅन्सलरपद. शेवटी २५ ऑक्टोबर १५२९ रोजी राजमुद्रा त्यांच्या हाती आली आणि ते लॉर्ड चॅन्सलर झाले.

राजाला त्यांची संगत फार प्रिय. रात्री गच्चीवर नेऊन राजा त्यांच्याबरोबर ग्रहताऱ्यांच्या गप्पा मारी. एकदा तर न कळवता चेल्सीला जेवायला आला आणि जेवणानंतर तासभर मोर यांच्या गळ्यात हात टाकून बागेत फिरला. जावई विल्यम रोपर हरखून गेले. मोर यांनी त्यांना सांगितले की, यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही. आपले डोके देऊन राजाला फ्रान्समधला एखादा किल्ला मिळणार असेल, तर ते उडायला वेळ लागणार नाही. ज्याची चाकरी करायची त्याला एवढे नीट ओळखून असलेला नोकर विरळा.

आता त्यांच्या आवडीनिवडी. इरॅस्मस यांच्या पत्रांमुळे आपल्याला त्या घरातल्या माणसासारख्या ठाऊक आहेत. जेवणात त्यांना साधे मांस, जाडीभरडी भाकरी, दूध, फळे आणि अंडी आवडत. दारूपेक्षा पाणी बरे. कपड्यांकडे लक्ष नाही, चालताना एक खांदा वर. जनावरांचे मात्र भारी वेड! घरात नाना जातींचे पक्षी, माकड, कोल्हा, मुंगूसवजा प्राणी असे सगळे गोकुळ नांदत असे. कुठे काही परदेशी, अनोखे दिसले की ते विकत घेत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. त्यांच्या माकडाची एक गोष्ट इरॅस्मस यांनी स्वतः पाहून लिहिली आहे. हे माकड आजारी होते म्हणून मोकळे सोडले होते. बागेत सशांचे खुराडे होते आणि एक शिकारी प्राणी त्याची मागची फळी सैल करत होता. माकड लांबून हे पाहत बसले. फळी निसटली तसे ते धावत गेले, फळीवर चढले आणि ती पुन्हा जागच्या जागी बसवून टाकली. होल्बाइन या चित्रकाराने १५२७ च्या सुमारास मोर कुटुंबाचे जे रेखाचित्र काढले, त्यातही ॲलिसबाईंच्या अंगाशी माकड आहे.

पुस्तके हा दुसरा नाद. आणि तिसरा, मुलांचे शिक्षण. त्या काळी मुलींना लॅटिन-ग्रीक शिकवणे ही ऐकिवात नसलेली गोष्ट होती. मोर यांनी तिन्ही मुलींना मुलाच्या बरोबरीने शिकवले. लॅटिन, ग्रीक, तर्कशास्त्र, खगोल सारे काही. दौऱ्यावर असताना ते मुलांना लॅटिनमध्ये पत्रे लिहायला लावत, रोज एक. मार्गारेट तर एवढी विद्वान झाली की, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेवरचे इरॅस्मस यांचे चिंतन तिने १५२४ च्या सुमारास इंग्रजीत आणले. तेव्हा ती विशीच्या आतबाहेर होती.

१५२९ च्या उन्हाळ्याअखेरीस मोर राजाच्या मुक्कामी होते, तेव्हा चेल्सीतल्या त्यांच्या धान्याच्या कोठारांना आग लागली. शेजाऱ्यांचेही धान्य जळाले. बातमी कळताच त्यांनी ॲलिसबाईंना पत्र धाडले. देवाने दिले, देवाने नेले, तेव्हा सर्वांनी चर्चमध्ये जाऊन त्याचे आभार मानावेत. आणि शेजाऱ्यांपैकी कोणाचे किती गेले याची नीट चौकशी करून सगळ्यांची भरपाई करावी, मग घरात चमचासुद्धा उरला नाही तरी चालेल, असा त्याचा मजकूर. नोकरचाकर एकदम कमी करू नयेत, ज्याला काढायचे त्याला आधी दुसरीकडे काम मिळाल्याची खात्री करावी, हेही त्यात होते. पुढच्याच महिन्यात ते लॉर्ड चॅन्सलर झाले.

न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक असा की, एक दिवस त्यांनी पुढचा खटला पुकारायला सांगितले, तर एकही शिल्लक नव्हता. वर्षानुवर्षे तारखा घेणाऱ्या आपल्या लोकांना हे खरे वाटणार नाही! लाच हा विषयच नव्हता. खटला जिंकलेल्या एका विधवेने नवीन वर्षाची भेट म्हणून हातमोज्यांची जोडी दिली, आत चाळीस पौंडांची नाणी. बाईमाणसाची भेट नाकारणे असभ्यपणाचे म्हणून त्यांनी हातमोजे ठेवून घेतले, पैसे परत केले. एका जावयाने सासऱ्याच्या भरवशावर तडजोड नाकारली, तर निकाल जावयाच्या विरुद्ध दिला.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. संतांच्या चरित्रात ती बहुधा गाळतात. मोर यांच्या चॅन्सलरपदाच्या काळात धर्मविरोधी मतांसाठी सहा जणांना जिवंत जाळण्यात आले, आणि त्यांपैकी काहींच्या धरपकडीत, चौकशीत मोर यांचा स्वतःचा हात होता. बायबलचे भाषांतर करणारे विल्यम टिंडल यांच्याविरुद्ध त्यांनी शेकडो पाने लिहिली, आणि ती पाने कडवट आहेत. तो काळच तसा होता, हे खरे. राजाचा कायदाही तेच सांगत होता. पण एवढ्याने आमचे समाधान होत नाही. कारण त्यांच्याच घरात, जावई विल्यम रोपर काही काळ ल्यूथरच्या मतांना लागले होते. त्यांच्याशी मोर यांनी वाद घातला, समजूत घातली आणि शेवटी वाद सोडून देऊन प्रार्थना करायचे ठरवले. रोपर परतले, आणि सासऱ्याचे पहिले चरित्र त्यांनीच लिहिले. जावयाला जी सवलत मिळाली ती चामड्याचा व्यापार करणाऱ्या एखाद्या गरीब लंडनकराला मिळाली नाही. ख्रिस्तसभेने २००० सालच्या महावर्षात अशा हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पोप जॉन पॉल दुसरे यांनी मोर यांना राज्यकर्त्यांचे आणि राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्या घोषणेतही मोर यांच्या काळाच्या या मर्यादेचा उल्लेख होता.

आता निवृत्ती. राजाला पहिली राणी कॅथरीन सोडून ॲन बोलीनशी लग्न करायचे होते. रोम परवानगी देत नव्हते, म्हणून राजा स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख व्हायला निघाला. १५ मे १५३२ रोजी धर्मगुरूंच्या सभेने राजापुढे मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी मोर यांनी राजमुद्रा परत केली. कारण दिले तब्येतीचे, आणि छातीचे दुखणे खरेच होते.

राजीनाम्यानंतरचा रविवार. चर्चमध्ये मिस्सा संपली की एक सेवक ॲलिसबाईंच्या बाकापाशी येऊन चॅन्सलरसाहेब निघाले अशी वर्दी देई. त्या दिवशी मोर स्वतःच हातात टोपी घेऊन आले आणि तीच वर्दी देऊन उभे राहिले. बाईंना आधी ती नेहमीची मस्करी वाटली. अर्थ ध्यानात आला तेव्हा काय झाले असेल, हे आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागू नये.

पेन्शन वगैरे प्रकार नव्हता. वर्षाला शंभर पौंडांच्या आसपास उत्पन्न उरले. मोर यांनी मुलांना, जावयांना जमवून हिशेब मांडला. आजवर ते ऑक्सफर्डच्या खाण्यापासून राजवाड्याच्या खाण्यापर्यंत चढत गेले. आता पायरीपायरीने उतरू. ऑक्सफर्डचे खाणेही परवडेना झाले तर झोळी घेऊन दारोदार साल्वे रेजिना गात फिरू, निदान सगळे एकत्र तरी असू. सेवकांना चांगल्या घरी कामे मिळवून दिली, आठ नावाड्यांसह होडी नव्या चॅन्सलरला दिली, घरचा विदूषक लंडनच्या महापौरांकडे गेला. बिशप मंडळींनी चार-पाच हजार पौंड गोळा करून आणले, कारण चर्चच्या बाजूने एवढे लिहिलेल्या माणसाचे हाल त्यांना बघवेनात. मोर यांनी एक पैही घेतली नाही. बागेच्या टोकाला त्यांनी पूर्वीच एक वेगळी इमारत बांधली होती, त्यात प्रार्थनालय आणि ग्रंथसंग्रह. शुक्रवार ते तेथेच काढीत. चेल्सीच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःची कबरही बांधून ठेवली, वरचा लेख स्वतःच लिहिला आणि पहिल्या पत्नीच्या अस्थी तेथे आणल्या. शांतपणे म्हातारे होण्याची सगळी तयारी झाली होती.

ती शांतता त्यांना दोन वर्षेही लाभली नाही. १ जून १५३३ रोजी ॲन बोलीनचा राज्याभिषेक झाला. नवा झगा शिवून समारंभाला यावे म्हणून तीन बिशपांनी वीस पौंड पाठवले. मोर यांनी पैसे घेतले, समारंभाला मात्र गेले नाहीत. मग जुनी खाती उकरणे सुरू झाले. कधीकाळी एका बाईने दिलेला सोन्याचा मुलामा दिलेला पेला लाच म्हणून पुढे आला. मोर यांनी तो त्याच वेळी परत केला होता, तेव्हा तेही फुसके निघाले.

१३ एप्रिल १५३४ रोजी लॅम्बेथ येथे शपथ घ्यायला बोलावणे आले. निघण्यापूर्वी त्यांनी पापनिवेदन केले, ख्रिस्तप्रसाद घेतला. एरवी बायकामुले होडीपर्यंत सोडायला येत. त्या दिवशी त्यांनी बागेचे फाटक मागे ओढून घेतले आणि कोणालाही बरोबर येऊ दिले नाही. शपथ काही त्यांनी घेतली नाही. घेणाऱ्यांना नावेही ठेवली नाहीत. चार दिवसांनी त्यांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली.

कैद्याचा खर्च घरच्यांनी द्यायचा असे. मोर आणि त्यांचा सेवक यांचे मिळून आठवड्याला पंधरा शिलिंग. मालमत्ता गेल्यावर ॲलिसबाईंनी स्वतःचे कपडे विकून ते भरले. भेटीला आल्या तेव्हा त्यांनी फटकारले की, एवढे सुंदर घर, ग्रंथ, बाग, बायकोमुले सोडून या उंदरांच्या कोठडीत कशाला पडून राहायचे. सगळे बिशप आणि विद्वान शपथ घेतात, मग यांनाच काय झाले? मोर यांनी विचारले, हे घर स्वर्गाला तेवढेच जवळ नाही का? बाईंनी ते उडवून लावले. हाच प्रसंग चरित्रकार हसण्यावारी नेतात. आम्हांला त्यात घरचे सामान एकेक करून विकत असलेली साठी ओलांडलेली बाई दिसते. मार्गारेटही वडिलांची मनधरणी करून थकली. तिने स्वतः तर शपथ घेतली होती.

१२ जून १५३५ रोजी रिचर्ड रिच हा सरकारी वकील त्यांची पुस्तके आणि कागद न्यायला आला. पुस्तके बांधली जात असताना त्याने गप्पांत त्यांना गुंतवले. पुढे १ जुलैच्या खटल्यात त्याच गप्पांची साक्ष झाली. मोर यांनी ती खोटी असल्याचे ठामपणे सांगितले, पण पंचांना पाव तास पुरला. परतताना टॉवरच्या धक्क्यावर मार्गारेट शिपायांच्या भाल्यांमधून घुसली आणि तिने वडिलांना मिठी मारली. पुढे गेली, पुन्हा मागे वळून आली आणि पुन्हा मिठी मारली. ५ जुलैला त्यांनी कोळशाने तिला शेवटचे पत्र लिहिले आणि तो केसांचा सदरा तिच्याकडे पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा शिरच्छेद झाला. फाशीच्या चौथऱ्याची शिडी डगमगत होती, तेव्हा वर चढायला हात मागून त्यांनी उतरण्याचे आपले आपण पाहू असे अधिकाऱ्याला सांगितले. जल्लादाला सोन्याचे नाणे दिले.

चेल्सीतली कबर त्यांच्या वाट्याला आली नाही. धड टॉवरमधल्या चर्चमध्ये पुरले. डोके महिनाभर लंडन ब्रिजवर खांबावर होते. ते थेम्समध्ये फेकण्याआधी मार्गारेटने मिळवले आणि जपून ठेवले. आज ते कँटरबरीच्या संत डन्स्टन चर्चमध्ये रोपर घराण्याच्या तळघरात आहे. १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी मोर यांना धन्य घोषित केले, १९ मे १९३५ रोजी पोप अकरावे पायस यांनी फिशर यांच्याबरोबर संतपद दिले.

चेल्सीचे घर राजाने जप्त केले होते. ॲलिसबाईंना १५३७ साली राजाकडून वर्षाला वीस पौंड मंजूर झाले.